टोंडिबीची सुरगाठ

गणेशोत्सवात आफ्रिकेचं नाटक बसवतेय म्हटल्यावर अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळातल्या सगळ्या काकूंनी मला वेड्यात काढलं. काढू देत. दरवर्षी ऐतिहासिक नाटकांतल्या त्याच त्या तलवारी बघून मला वीट आला होता, आणि डेट्रॉइटच्या विद्यापीठात माझी पीएच.डी. चालली होती ती पश्चिम आफ्रिकेच्या इतिहासावर. पण खरं कारण होतं माझे दोन भाऊ.

जगन्नाथदादाने धाकट्या संजीवला अमेरिकेत आणलं, स्वतःच्या कार कंपनीत चिकटवलं. संजीव भराभर वर चढला आणि दादाचाच सुपरवायझर झाला. ब्याऐंशीच्या ले-ऑफमध्ये वरून विचारणा झाली, कोणाला काढायचं? त्याने दादाचं नाव सांगितलं. तेव्हापासून तीन वर्षं दादाने त्याच्याशी अवाक्षर काढलं नव्हतं. दोघांनाही स्टेजचं भयंकर वेड, म्हणून मी दोघांनाही कामं दिली. एकदा बोलू देत, एवढंच मला हवं होतं.

पहिल्या अंकात घाना आणि माली उरकले. वाळवंटातून मीठ यायचं, दक्षिणेतून सोनं; मध्ये बसून कर घेणारी ही राज्यं गबर झाली. दुसऱ्या अंकात सोंघाई राज्याने टिंबक्टू शहर घेतलं आणि सगळ्यांवर ताण केली. मग गादीसाठी भाऊच भावांच्या जिवावर उठले. सोन्यावर डोळा ठेवून बसलेल्या मोरोक्कोच्या सुलतानाने नेमक्या त्याच वेळी बंदुका घेऊन फौज पाठवली. १५९१, टोंडिबीची लढाई.

सोंघाईने शत्रूवर गुरांचा कळप सोडला होता. बंदुकांच्या आवाजाला बुजून तो उलटा फिरला. आमची गुरं झालेली पोरंही पुठ्ठ्याची शिंगं सांभाळत, "आय वॉना गो होम!" करत आमच्याच सैन्यात घुसली. प्रेक्षक पोट धरून हसले.

फौज पळाली. काही सोंघाई सैनिक मात्र पळता येऊ नये म्हणून पोटरी मांडीला बांधून ढालीवर बसून राहिले होते. संजीव त्यांच्यातला एक. दोरी मीच आवळली होती, सुरगाठ मारून. सुटं टोक त्याच्या मुठीत दिलं होतं. "काही झालं तर ओढ," मी बजावलं होतं.

लाकडी बंदूक घेऊन दादा आला, मोरोक्कोचा शिपाई.

"मारू नका," संजीवने हात जोडले. "आम्हीही मुसलमान, तुमचेच भाऊ आहोत."

तालमीत दादा बंदुकीचा दस्ता नुसता संजीवच्या खांद्याला लावायचा. आज त्याने तो बरगडीत घातला. हाड मोडल्याचा आवाज मला विंगेत ऐकू आला.

"काय अ‍ॅक्टिंग करतो यार!" पहिल्या रांगेतून प्रतापकाका ओरडले आणि टाळ्या पडल्या.

दुसरा घाव तोंडावर. दात उडाला. मी धावत जाऊन दादाचा हात धरला, त्याने मला झटकून पाडलं. तिसरा, चौथा. संजीवच्या नाकातून रक्ताची धार लागली तेव्हा कुठे टाळ्या थांबल्या. दस्ता त्याच्या खांद्यावर मोडला. "अरे पडदा पाडा!" मी किंचाळले.

पडद्यामागे दादा धापा टाकत उभा राहिला. त्याची नजर संजीवच्या मुठीकडे गेली. दोरीचं टोक तिथेच होतं.

"ओढली का नाहीस, गाढवा?"

तीन वर्षांतला पहिला शब्द! मला त्याचा रागही आला आणि रडूही आलं.

संजीवने रक्त थुंकलं. "पळालो असतो तर तू पुन्हा बोलला नसतास."

दादा गुडघ्यांवर बसला आणि त्याची मूठ उघडू लागला. संजीव सोडेना.

"सोड."

"आधी माफ केलं म्हण."

दादाने संजीवला तसाच, बांधल्या पायानिशी, दोन्ही हातांवर उचललं आणि माझ्यावर खेकसला, "बघतेस काय शरयू, गाडीचं दार उघड!"