इंदूनं दिलेला खांब

सौंसरच्या आमच्या समाजभवनाला आग लागली आणि समितीचा अध्यक्ष अंकुश दुसऱ्याच दिवशी सांगत सुटला, स्टीलचे सगळे खांब काढून सिमेंटचे घालू. माझं डोकंच फिरलं. त्यातला दाराजवळचा खांब माझ्या बायकोनं, इंदूनं, देणगी दिलेला. ती गेल्यापासून मी येताजाता त्याला हात लावतो.

घरात स्टीलचा साधा गंज, म्हणजे पातेलं, आलं तरी त्यावर माझं नाव घालून घेतल्याशिवाय तिला चैन पडत नसे. खांबालाही तिनं सोडलं नाही. भांड्यांच्या दुकानातल्या हिरामणला मशीनसकट बोलावलं आणि माझं नाव, 'देवीदास', कोरून घेतलं. मशीन घरघरत होतं आणि ही पदर खोचून अक्षरं तपासत उभी. मी तिची किती टर उडवली होती तेव्हा. आता ते आठवलं की जीव गलबलतो.

मुलगी दीपाली नागपूरला इंजिनिअर आहे. तिला बोलावलं. तिनं काजळी पुसली, एक छोटं यंत्र टेकवून स्टीलचा टणकपणा मोजला, ओळंबा सोडून पाहिला.

"काका, खांब चांगले आहेत," ती अंकुशला म्हणाली. "हे स्टील तापून थंड झालं तरी बरीच ताकद राखून ठेवते. सगळे काहून काढून राहिले?"

मी अंकुशकडे बघून मिशीत हसलो. पण दीपाली आमच्या खांबापाशीच घुटमळत होती. प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत नेमकी तिथं जळली होती.

"बाबा, हा मात्र काढा लागते."

"आत्ताच तर म्हणाली, ताकद राह्यते म्हणून."

"स्टीलची राह्यली जी. पण पोकळ खांब आहे, मधात फुगून वाकला. त्याच्यावर छपराचं वजन कसं ठेवू?"

"एवढा एक राहू दे. तुह्या आईचा आहे."

तिनं डोळे पुसले आणि पुन्हा ओळंबा सोडला. दोरी खांबापासून लांबच राहिली. त्याच छपराखाली लग्नाच्या पंगती बसतात. शेवटी मीच अंकुशला म्हणालो, "काढून टाक."

नवा खांब उभा राहिला तसा हिरामण मशीन घेऊन आला.

"देवीदासच टाकू ना, भाऊ?"

हो म्हणणार होतो. पण घरातली मांडणी डोळ्यांसमोर आली. गंज, परात, डबे, सगळीकडे मीच. जन्मभर घासली तिनं, आणि तिचं नाव एका वाटीवरही नाही. मला रडू आलं.

"इंदू टाक," मी म्हणालो. "नुसतं इंदू. माहं नाव मागं लावू नको."