उजव्या खिशातले दाणे

मेनो गिंगरिचने मक्याचा एक दाणा उजव्या खिशातून काढला आणि शेजाऱ्याच्या लक्षात येणार नाही अशा बेताने डाव्या खिशात सरकवला. पाचवा. पुरुषांच्या आणि बायकांच्या बाकांमधल्या मोकळ्या जागेत उभा राहून त्याचा धाकटा भाऊ एनॉस उपदेश करत होता, आणि जुन्या राजांची वंशावळ सांगताना त्याने आत्ताच एका आजोबाला नातवाच्या पोटी जन्माला घातले होते. कुणी हसले नाही. पुढच्या बाकावरची म्हातारी तर डोळे पुसत होती.

त्यात डोळे पुसण्यासारखे काय होते, हे मेनोला कळेना. एनॉस उभा राहिला की आधी दोनदा घसा खाकरायचा, मग बोटांत बोटे गुंतवून आपल्याच बुटांकडे बघत बोलायचा, आणि शब्द आठवला नाही की थांबायचा. तो थांबला की सगळी मंडळी त्याच्यासाठी थांबायची. मेनोला तो शब्द ठाऊक असायचा. जिभेच्या टोकाशी येऊन तो तिथेच कडू व्हायचा.

दीड वर्षापूर्वी, वसंतातल्या प्रभुभोजनाच्या विधीनंतर, उपदेशक निवडण्याची चिठ्ठी निघाली होती. त्यांच्या पंथात कुणी शिकून उपदेशक होत नाही आणि स्वतः मागून तर नाहीच नाही. दाराच्या फटीतून जो तो आत बसलेल्या बिशपला एक नाव कुजबुजतो, आणि तीन तोंडांनी ज्याचे नाव घेतले तो टेबलापाशी येतो. टेबलावर तेवढीच गीतपुस्तके, सगळी सारखी, सगळ्यांना रबर लावलेले, आणि एकाच्या पोटात चिठ्ठी. ती ज्याच्या हाती येईल तो मरेपर्यंत उपदेशक. पगार नाही, सुट्टी नाही, आणि त्याच्या बायकोच्या टोपीच्या चुण्यांपासून पोरांच्या बुटांपर्यंत सगळे त्या दिवसापासून गावाच्या डोळ्यांपुढे. म्हणून चिठ्ठी निघाली की माणूस रडतो, आणि त्याची बायको त्याहून जास्त.

ती हवीशी वाटणे हाच मुळात गर्व. मेनोला मात्र वीस वर्षे ती चिठ्ठी हवी होती. आपल्या चाकांच्या कारखान्यात आरे ठोकता ठोकता तो रिकाम्या बग्ग्यांपुढे उपदेश करायचा. जर्मन बायबलचे अध्यायच्या अध्याय त्याला तोंडपाठ होते. त्या दिवशी टेबलापाशी पाच जण आले. वयाने सर्वांत मोठा म्हणून तो पहिला पुढे झाला. त्याने दुसऱ्या पुस्तकावर हात ठेवला, मग तो उचलून तिसरे पुस्तक घेतले. असे का केले, ते त्याने बायकोला, व्हर्नालाही सांगितले नव्हते. बाकीच्यांनी आपापली घेतली. सर्वांत धाकटा एनॉस. त्याच्या वाट्याला उरलेले, म्हणजे ते दुसरे पुस्तक आले. बिशप टोबायसने त्यातली चिठ्ठी काढली, तेव्हा एनॉसने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले होते.

हेवा म्हणतात तो हाच, हे मेनोला कळत नव्हते असे नाही. पण आपला हेवा अभ्यासू माणसाचा आहे, अशी त्याने स्वतःची समजूत घालून ठेवली होती. चुका तर खऱ्याच होत्या. तो फक्त त्या मोजत होता.

सोमवारी कपडे धुण्याआधी खिसे उलटे करायचे काम त्याची मुलगी फिबी करायची. डाव्या खिशातले दाणे तिने तळहातावर घेतले आणि अंगणातूनच ओरडली, "बाबा, काल पाच. मागच्या खेपेला सात होते. काका सुधारतोय."

गुपित तिने उन्हाळ्यातच ओळखले होते. ज्या रविवारी एनॉस बोलत नसे, त्या सोमवारी डावा खिसा रिकामा असायचा. अठराव्या वर्षी एवढे गणित कुणालाही सुटते. मेनोने तिला रागे भरायला हवे होते. त्याऐवजी दोघांनी मिळून हसण्याची सवय लावून घेतली होती. आताही ती चालत स्वयंपाकघरात आली, दोनदा घसा खाकरला, बोटांत बोटे गुंतवली आणि आपल्या पायांकडे बघत गप्प उभी राहिली. हुबेहूब एनॉस. मेनोला हसू आवरेना.

व्हर्ना चुलीपाशी होती. "तुमच्या पाठचा भाऊ आहे तो," एवढेच ती म्हणाली आणि पातेल्यावर झाकण ठेवले.

फिबी यंदा बाप्तिस्म्याच्या वर्गात होती; त्यांच्यात तो मोठेपणी, स्वखुशीने घेतात. नऊ धडे असतात, त्यांतले सात झाले होते. मंडळी पहिले गीत गात असताना उपदेशक मुलांना वेगळ्या खोलीत नेतात आणि एकेक धडा समजावून सांगतात. फिबीच्या वर्गाला एनॉस होता. मेनोला त्याचेही वाईट वाटायचे, पण पोरगी बाप्तिस्म्याला उभी राहतेय याचा आनंद मोठा होता. शेजारच्या दोन घरांतली मुले मंडळी सोडून, मोटारी घेऊन निघून गेली होती आणि त्यांच्या आया अजून दोन ताटे जास्त मांडत होत्या.

पुढच्या रविवारी समेटाची सभा होती. प्रभुभोजनाच्या दोन आठवडे आधी ती भरते. प्रत्येक सभासदाला विचारतात, देवाशी आणि मंडळीशी तुझा समेट आहे का? एकानेही नाही म्हटले तर सगळ्यांचे प्रभुभोजन अडते. सभा यंदा शेजारी क्लेमन्सच्या लाकूड कापायच्या शेडमध्ये होती, आणि फिबीसह गल्लीतल्या मुली शुक्रवारी ती धुवायला गेल्या होत्या. संध्याकाळी शेवया आणि कोंबडीचा रस्सा वाढून घेताना फिबी तेच सांगत होती. इंजिनाखालचा तेलाचा डाग काही केल्या निघेना, शेवटी त्यावर भुसा पसरला. तो नेमका बिशपच्या खुर्चीपुढे येतोय, बाकांपासून लांब, म्हणजे कुणाच्या कपड्यांना लागायचा नाही.

मग तिने काटा खाली ठेवला.

"बाबा, मी वर्ग सोडलाय. काकाला निरोप धाडला."

व्हर्नाचा हात वाडग्यावरच राहिला. मेनोने कारण विचारले. फिबीने हमरस्त्यावरच्या केक आणि कॉफीच्या दुकानाचे नाव घेतले. तिथे मुलगी हवी होती, रविवारी काम करणारी. ते कारण नव्हे, हे तिघांनाही कळत होते. मेनोचा आवाज चढला. वर्ग म्हणजे काय पोरखेळ आहे का, उपदेशक सांगतो ते मंडळीच्या वतीने सांगतो, ते मान खाली घालून ऐकायचे असते, असे तो बरेच काही बोलला. बोलणे चांगले झाले. एकदाही अडखळला नाही.

फिबीने ते संपू दिले.

"तुम्ही ऐकता का त्याचं?" ती म्हणाली. "मी तिथे बसले की मला ऐकू काही येत नाही, बाबा. मी मोजते."

 मेनोने ताटातले संपवले, कारण अन्न टाकायची पद्धत नव्हती, पण काय खाल्ले ते त्याला सांगता आले नसते.

शनिवारी दुपारी एनॉस बग्गीचे मागचे चाक घेऊन कारखान्यात आला. चाक डुगडुगत होते. चार महिन्यांत दुसऱ्यांदा. लग्ने, मर्तिके, आजारी माणसे, जिथे म्हणून बोलावणे येईल तिथे तो जायचा, आणि घरी गाईंचे दूध काढायला त्याची बायको ऑर्फा आणि मुली. तो एका ओंडक्यावर बसला. चेहरा उतरलेला होता. मेनोने चाक लाकडी घोडीवर चढवले आणि मधल्या तुंब्यात बसलेले आरे एकेक करून हलवून पाहू लागला. केसाएवढी फट असली तरी त्याच्या बोटांना कळायची. तीन जिल्ह्यांत त्याची ख्याती होती ती त्या बोटांची.

एनॉस फिबीबद्दल बोलला. तक्रार नव्हती. म्हणाला, चूक माझीच असेल, मला सांगताच येत नाही. शनिवारचा घास घशाखाली उतरत नाही आणि रविवारी उभा राहिलो की डोक्यातले सगळे उडून जाते. हे त्याने घरात कधी म्हटले नव्हते, कारण ऑर्फा रडते.

मेनोला आतून बरे वाटले. तसे वाटल्याची लाजही वाटली, पण आधी बरेच वाटले.

"दादा, एक विचारू?" एनॉस म्हणाला. "दीड वर्ष झालं, मनात आहे. त्या दिवशी तुझा हात आधी माझ्या पुस्तकावर होता. मी बघत होतो."

मेनोची बोटे आऱ्यावर थांबली.

"तू तो उचललास. मी घरी जाऊन ऑर्फाला म्हटलं, बघ, एवढं सगळं येतं दादाला, पण पुढे होऊन घेतलं नाही त्याने. सोडलं. तेव्हापासून मी उभा राहतो ना, तेव्हा वाटतं, ही जागा त्याची. त्याने देवाचं ऐकून सोडली, आणि मी तिथे घसा खाकरत उभा आहे." तो जरासा हसला. "खरं सांगू? हेवा वाटतो मला तुझा. इतका, की कधी कधी तुझ्याकडे बघवत नाही. म्हणून मी बुटांकडे बघतो."

कारखान्याबाहेर घोडा खूर आपटत होता. मेनोने हातोडी उचलली, पाचर ठोकली, आणखी एक ठोकली. मग म्हणाला की चाक झाले, ऊन उतरायच्या आत निघ. एनॉसने चाक उचलले. जाता जाता आपल्या गहिवराची त्यालाच लाज वाटली असावी, कारण त्याने दोनदा घसा खाकरला.

रविवारी फिबी घरीच राहिली. मेनोने सवयीने उजव्या खिशात मूठभर दाणे टाकले होते. उपदेश एनॉसचाच होता, जुन्या काळच्या एका याजकावरचा, ज्याला सगळ्या लोकांची पापे दिसायची आणि घरातल्या पोरांची दिसायची नाहीत. एनॉसने त्या मुलांची नावे गाळली, एक प्रसंग दोनदा सांगितला. मेनोचा हात खिशात गेला आणि तिथेच राहिला.

मग ज्यांचा बाप्तिस्मा झाला नव्हता ते बाहेर गेले, शेडचे दार सरकवले गेले, आणि दोघे उपदेशक बाकांवरून विचारत निघाले. मेनोच्या ओळीत एनॉस आला. वाकून, हलक्या आवाजात, प्रत्येकाला एकच प्रश्न, आणि प्रत्येकाचे एकच उत्तर. मेनोच्या शेजाऱ्याने आहे म्हटले. मग एनॉसचा चेहरा त्याच्यासमोर आला, आणि आज तो बुटांकडे बघत नव्हता. उत्तर ठाऊक असलेल्या माणसासारखा प्रेमाने बघत होता.

"समेट आहे, दादा?"

"नाही," मेनो म्हणाला.

एनॉसला वाटले आपण नीट ऐकले नाही. तोवर मेनो उठला होता. बाकांमधल्या वाटेने तो पुढे गेला, बिशपच्या खुर्चीसमोर आला आणि भुशावर गुडघे टेकले. इतकी वर्षे मनात उपदेश जुळवणाऱ्या त्या माणसाला आता एक वाक्य धड जुळेना. तो थांबला. मंडळी त्याच्यासाठी थांबली. मग त्याने सांगितले की माझी बोटे केसाएवढा फरक ओळखतात, आणि त्या दिवशी ती शेजारच्या तिसऱ्या पुस्तकाला लागली तेव्हा त्याचे रबर मला जरा फुगल्यासारखे वाटले. हात दुसऱ्यावर ठेवला होता, तो मी काढून घेतला. सोडण्यासाठी नाही. मिळवण्यासाठी. पुस्तकात आत एक पान दुमडलेले होते, बाकी काही नव्हते. आणि ज्याने उरलेले पुस्तक निमूटपणे उचलले त्याच्या चुका मी आजवर मोजत आलो, आणि माझ्या पोरीला मोजायला शिकवले.

बिशप टोबायस खुर्चीतून उठला. मग त्याने एनॉसला खूण केली. गुडघ्यावरच्या माणसाला हात देऊन उठवायचे असते, ते काम बिशपचे, पण त्याने ते एनॉसला दिले. एनॉस आला. हात पुढे करून तो काहीतरी म्हणणार होता, पण शब्द त्याला आठवला नाही. या वेळी तो मेनोलाही ठाऊक नव्हता.

सोमवारी फिबीने कपड्यांचा ढीग उपसला आणि रविवारची काळी विजार हाती येताच खिसे उलटे केले. डावा रिकामा. उजवा होता तसा भरलेला. तिने बाबांकडे पाहिले. ते पायरीवर बसून कॉफी पीत होते. तिने विजार पसरली, आणि दोन्ही गुडघ्यांवर चिकटलेले तेल आणि भुसा तिला दिसला.

तो डाग कुठला, हे तिच्याइतके कुणाला माहीत असणार? शुक्रवारी तीच तिथे तासभर गुडघ्यावर बसून घासत होती. बाकांपासून लांब, बिशपच्या खुर्चीपुढे. तिथे कोण गुडघे टेकते आणि कशासाठी, हेही तिला ठाऊक होते.

 तिने उजव्या खिशातले दाणे कोंबड्यांना टाकले, विजार पाण्यात घातली आणि कडक साबणाने घासत बसली. डाग गेला, पण त्याबरोबर काळा रंगही गेला. गुडघ्यांवर दोन फिकट चकत्या राहिल्या. दोरीपाशी जाऊन ती थांबली. अंगणातली दोरी रस्त्याला लागून होती, आणि सोमवारी येणारी-जाणारी प्रत्येक बग्गी दुसऱ्याची दोरी वाचत जायची.

"बाबा," ती पाठमोरीच म्हणाली, "गुडघे घराकडे करू, की रस्त्याकडे?"

मेनोने कप खाली ठेवला.

"रस्त्याकडे," तो म्हणाला.

तिने चिमटे लावले. एक, दोन, तिसरा जरा वेळाने. मग ओले हात झग्याला पुसत ती तबेल्याकडे वळली आणि घोडीला जुंपायला बाहेर काढले. कुठे निघालीस, असे व्हर्नाने खिडकीतून विचारले.

"एनॉसकाकाकडे," फिबी म्हणाली. "कालचा धडा बुडाला माझा."