नऊचा सेट

दादा तीस वर्षं एका हॉटेलच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवत होता आणि त्याला अकराच्याच तारा लागायच्या. हा आकडा म्हणजे सगळ्यात बारीक तारेची जाडी. आकडा मोठा, तशी तार जाड आणि दाबायला कडक. नऊचा सेट लावणाऱ्याला तो विचारायचा, "तार ओढतोयस की सुईतला दोरा?" धाकटा भाऊ गिटारी दुरुस्त करायचा. दादाची गिटार त्याच्याशिवाय कुणीच उघडलेली नव्हती.

मग दादाच्या डाव्या हाताची बोटं लुळी पडू लागली, टोकं बधिर झाली. डॉक्टर म्हणाले, नसांचा आजार, हळूहळू वाढत जाणार. दादाने सुट्टी घेतली. रोज गिटार मांडीवर घ्यायचा, चार सूर दाबायचा, ठेवून द्यायचा.

एका दुपारी वहिनी वर्कशॉपमध्ये आल्या. "भावोजी, काल त्यांनी गिटारला शिव्या घातल्या हो. तुम्हीच काहीतरी करा."

सर्व्हिसिंगच्या नावाखाली धाकट्याने गिटार आणली आणि अकराच्या तारा उतरवून नऊच्या चढवल्या. ताण कमी झाल्यामुळे गिटारची मान मागे झुकली होती. मानेच्या आतला लोखंडी रॉड थोडा सैल करून ती सरळ केली. दादाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने गिटारला हातच लावला नसता.

गिटार परत दिल्यावर तिसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. "अरे, हात परत आला! सकाळपासून वाजवतोय. डॉक्टरांना काय कळतंय डोंबल!"

"छान," धाकटा म्हणाला.

पंधरा दिवसांनी दादा तालमीला गेला. एका जागी तार वर ओढून सूर चढवायचा होता. जुन्या सवयीने त्याने जोर लावला आणि सूर हवा त्याच्या कितीतरी पुढे निघून गेला. दुसऱ्यांदाही तेच. कीबोर्डवाली बाई हळूच म्हणाली, "दादा, नऊचा सेट लावलात वाटतं?"

तो तसाच उठून वर्कशॉपमध्ये आला.

"कधी बदललास?"

"सर्व्हिसिंगला आणली तेव्हा."

"आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो, हात बरा झाला म्हणून."

"मला वाटलं, तुला बरं वाटेल."

"वाटलं ना. पंधरा दिवस वाटलं. आता ते कुठून आणू?"

धाकटा हातातला पाना पुसत राहिला. दादा स्टुलावर बसला. मग त्याने विचारलं, "आठचा सेट आहे?"

"आहे."

"लाव. या वेळी मी ठरवतो."

आठच्या तारा इतक्या मऊ होत्या, की जरा जोरात छेडलं तरी मानेवरच्या धातूच्या पडद्यांवर आपटून किरकिरत होत्या. दादाने मान हलवली. "नऊच ठेव. सगळ्या अर्धा सूर उतरव, म्हणजे आणखी हलक्या होतील." आवाज अगदी साधा होता, एखाद्या गिऱ्हाइकासारखा. धाकट्याला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

ऑर्केस्ट्रात दादा परत गेला नाही. घरी सात महिने वाजवत राहिला. नंतर डाव्या हाताने तेही सोडलं.

एका रविवारी त्याने धाकट्याला खुर्चीमागे उभं केलं. "तू दाब. मी छेडतो."

"मला कुठे येतं, दादा?"

"माहितेय. दाब."

धाकट्याने वाकून, दादाच्या खांद्यावरून हात नेऊन तार दाबली.

"ती नाही रे, तिच्या खालची! जन्मभर गिटारी उघडल्यास, एखादं गाणं शिकायला काय झालं होतं?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून हसत होत्या. हसता हसता त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

पहिलं गाणं बसायला दोघांना महिना लागला. दर रविवारी तासभर, चुका काढत, भांडत. पुढच्या वर्षी दादाचा उजवा हातही गेला. तोवर त्यांची अडीच गाणी झाली होती.