लाल मोटारीचा खांदा

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो. दोनच दारांची, दोनच माणसांची, आणि जमिनीला इतकी टेकलेली की सिंदी रेल्वे नावाच्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा माझ्या ओळखीचा आहे. माझा जन्म परदेशातला, आणि झाला तो पळण्यासाठीच. रंग लाल. तो आता जागोजागी विटला आहे, पण माझा तोरा काही गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मला या मुलखात आणलं वर्ध्याच्या, कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या मालकांनी. ते मला घेऊन निघाले की कापसाच्या गाड्या हाकणारेसुद्धा मान वळवून बघत. पुढे त्यांचं वय झालं, हौस सरली आणि मी जिनिंगच्या गोदामात ताडपत्रीखाली जाऊन पडले. सरकीची धूळ आणि कापसाचे तंतू माझ्या सांध्यासांध्यांत शिरले. लोक ज्या टपाकडे टक लावून बघायचे, त्यावर कुत्री झोपू लागली. ते दिवस आठवले की अजून वाईट वाटतं.

तिथून मला सोडवलं आदेशने. तो वर्ध्याला बँकेत नोकरी करतो आणि सिंदीजवळच्या आपल्या गावी राहतो. सुटीसुटीला खपून त्याने मला चालतं केलं आणि घरी आणून गोठ्यात उभं केलं. गोठा रिकामाच होता. त्याच्या वडिलांनी, चंद्रभानजींनी, त्याच वर्षी बैलजोडी विकली होती. शेत ट्रॅक्टरने होऊ लागलं होतं आणि त्यांचे गुडघे बैलांमागे चालायला राजी नव्हते. जू तेवढं भिंतीला टांगून ठेवलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली, चाकांकडे पाहिलं, पाठीवर थाप दिली.

"बुटका आहे, पण बांधा चांगला आहे," ते म्हणाले, आणि माझं नाव लाल्या ठेवून मोकळे झाले.

मोटार उभी असते, पण इंजिन चालू असतं, तेव्हा ते हलक्या आवाजात फिरत राहतं, हे तुम्हाला ठाऊक असेल. चंद्रभानजी त्याला रवंथ म्हणत. संध्याकाळी आदेश परतला की ते माझ्या बॉनेटवर तळहात ठेवून म्हणत, "रवंथ करून राह्यला." एवढं बोलून ते आत जात. मी त्या तळहाताची दिवसभर वाट बघत असे.

एकदा त्यांनी आदेशला बॉनेट उघडायला लावलं आणि विचारलं, "पळाचा जोर याले कोठून येते?" आदेशने दाखवलं. पायाखालचा ॲक्सिलरेटर दाबला की एक केबल ओढली जाते, केबल एक छोटीशी झडप उघडते, झडपेतून हवा आत जाते आणि इंजिन जोर घेतं. चंद्रभानजींनी मान डोलावली. त्या मान डोलावण्यात काय शिजत होतं, ते मलाही कळलं नाही.

दिवाळी सरली, थंडी पडली, आणि मला ते विचित्र दुखणं जडलं. सकाळी आदेशने पाय उचलला तरी माझी रेस उतरेना. उभ्याउभ्या मी धावल्यासारखी गुरगुरत राही. रोजच असं नाही. गोठ्याच्या फटीतून ऊन आत आलं, की त्या दिवशी मी शहाणी. घटकाभर चालून इंजिन तापलं तरी शहाणी. त्यामुळे वर्ध्याच्या मेकॅनिकपाशी पोचेपर्यंत मी गरीब गाय होऊन जाई. एकाने प्लग बदलले. दुसऱ्याने हवेच्या फिल्टरमधून जिनिंगचा कापूस काढला आणि म्हणाला, "गाडीत काईच नाई, भाऊ. तुमाले भास होऊन राह्यला."

मग रेल्वे फाटकाची सकाळ उजाडली. शेजारी देवकाबाई बसल्या होत्या, आदेशची आई. पुढे एक म्हातारा सायकल धरून उभा होता. आदेश थांबला, पण माझी रेस चढलेलीच. क्लचवरून त्याचा पाय जरासा निसटला आणि मी झेप घेतली. ब्रेक लागला तेव्हा माझं नाक सायकलच्या चाकाला टेकलं होतं. म्हाताऱ्याने मागे वळून फक्त पाहिलं.

घरी आल्यावर देवकाबाई म्हणाल्या, "एखाद्याचा जीव घेईन हे गाडी." संध्याकाळी आदेशने नागपूरच्या भंगारवाल्याला रविवारी यायला सांगितलं.

चंद्रभानजी त्या दिवशी जेवले नाहीत. "म्हातारं झालं म्हणून कोणी दावं सोडते काय?" ते म्हणाले. "बैलं गेले तवा म्या मन मारलं. आता याले बी नेऊन राह्यले."

त्या शब्दांनी आदेश हलला. त्याने मेघाला फोन केला. मेघा त्याच्या शाळेतली. आता वर्ध्याच्या एका तंत्रनिकेतनात इंजिनांचा विषय शिकवते. ती म्हणाली, "गाडी इकडे आणू नको. मी येईपर्यंत सुरू बी करजो नको. दुखणं तुमच्या गोठ्यात आहे, तर पाहाले बी तिथंच यावं लागन."

रविवारी ती पहिल्या गाडीने सिंदीला उतरली. गोठ्यात माझा पत्रा गार पडला होता. तिने मला सुरू केलं, आणि मी हटकून आजारी पडले. रेसचा काटा वर चढला तो उतरेना. मेघा हसली, कारण मी पहिल्यांदाच वैद्यासमोर दुखणं लपवलं नव्हतं.

तिने घाई केली नाही. हवा कुठून गळते का ते बघायला हवेच्या नळ्या एकेक करून चिमटीत दाबल्या. आवाज तोच. सांध्यांवर पाणी शिंपडलं. आवाज तोच. मग तिने झडपेच्या दांडीवर बोट ठेवून हलकेच मागे रेटलं. दांडी जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी सरकली, आणि माझा सगळा गोंगाट एकदम निवला. मित्रांनो, मी डोंगर चढले आहे, वाऱ्याशी शर्यत लावली आहे. पण माणसाच्या एका बोटात एवढी समज असते, हे पाहून मी थक्क झाले.

"झडप मिटून नाई राह्यली," मेघा म्हणाली. तिने दांडीच्या सांध्यातून फडकं फिरवलं. ते पिवळं झालं. तिने वास घेतला. पुन्हा घेतला.

"आदेश, हे ग्रीस नाई. तूप आहे. हळद आहे याच्यात."

"तूप?" दारातून देवकाबाई म्हणाल्या. "पोळ्याच्या वक्ती माझी बरणी खाली झाली थे? म्या मांजरीले मारलं त्याच्यासाठी."

सगळे चंद्रभानजींकडे बघू लागले. ते भिंतीला टांगलेल्या जुवाखाली उभे होते.

"खांद शेकला म्या त्याचा," ते हळूच म्हणाले. "पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांद शेकाले लागते. गरम पाणी, हळद, तूप. जिथं ओझं येते, थोच खांद. आदेशनं दाखवलं होतं, जोर इथून घेते म्हणून. केबलीत बी सोडलं थोडं." मग थांबून म्हणाले, "बैलं गेले. त्या दिवशी हात रिकामे राह्यतेत, बाई."

थंडीत तूप थिजत होतं. धूळ आणि कापसाचे तंतू त्यात कालवले जाऊन झडप धरून ठेवत होते. इंजिन तापलं की तूप पातळ, आणि मी शहाणी. एवढंच ते कोडं. पण माझं लक्ष कोड्याकडे नव्हतंच. इतकी वर्षं लोकांनी माझा वेग पाहिला, रंग पाहिला, किंमत विचारली. मी दमत असेन, असं कोणाच्याच मनात आलं नव्हतं. या माणसाने लोखंडात खांदा शोधला होता.

आदेशने भंगारवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. मेघाने केबल आणि झडपेची दांडी रॉकेलने धुतली, पातळ तेलाचे थेंब सोडले. मला बंद करून पुन्हा सुरू केलं. चंद्रभानजींनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"रवंथ करून राह्यला," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

मेघाने त्यांचा दुसरा हात धरला आणि माझ्या पुढच्या चाकावरच्या फुगवट्यावर ठेवला. "काकाजी, याचा खांद इथं आहे. इथं पायजे तेवढं लावजा, मंग पुसून टाकजा. आत नको."

मित्रांनो, ज्याला जीव लावाल, त्याचा खांदा कुठे आहे, हे आधी विचारून घ्या. न विचारता लावलेलं तूपही कधी कधी घात करतं. आणि विचारलंत, की मग मात्र हात आखडू नका. आमच्यासारख्या जुन्या वस्तू गंजण्याआधी कोणाचा हात न लागल्यानेच मरतात.

यंदाच्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी चंद्रभानजी गरम पाण्याचं भांडं आणि शेकायला पळसाची पानं घेऊन गोठ्यात आले. तुपाची बरणी या वेळी देवकाबाईंनी स्वतः आणून दिली. चंद्रभानजींनी माझे दोन्ही खांदे शेकले, चोळले, स्वच्छ पुसले. मग गुडघे धरत माझ्या आरशाशी वाकले आणि बैलांच्या कानात सांगायचे तेच मला सांगितलं:

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."