वन्संचा अनुभव

वन्संनी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या बहिणीने, महिनाभर माझं डोकं खाल्लं. "बंदरावर दिलेली मोठी बॅग खोलीत संध्याकाळीच येते. गोळ्या आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत ठेव!" दोनदा क्रूझ करून आलेल्या बाईपुढे मी काय तोंड उघडणार?

बंदरावरच्या मुलीने आमचे पासपोर्ट चाळले. "दोघींचेही कोरे करकरीत! पहिलीच वेळ?"

"हो," वन्सं म्हणाल्या.

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. "अहो, काहीतरीच काय! मग ते दोन आल्बमभर फोटो?"

"त्यात मी कुठे दिसले तुला? दोन्ही वेळा हे मित्रांबरोबर गेले. मी बॅगा भरून दिल्या."

ते आल्बम मी तीनदा पाहिले होते. मेलं एकदाही लक्षात आलं नाही.