उजवीकडचा वरचा कोपरा

"बाई, ती बॅटरी सारखी मागे काय मारताय? इथं विमान उतरवायचंय का?"

शेवटच्या रांगेतले एक टकलू गृहस्थ पुटपुटले. तेही मोठ्यानं बोलले नाहीत, कारण सगळं थिएटर श्वास धरून बसलं होतं. मी "माफ करा हं, बटण अडकतं" म्हणाले आणि दाराच्या पडद्याला आणखी चिकटून उभी राहिले. बटण अडकत नव्हतं. मी खरंच विमान उतरवत होते. दर वीस मिनिटांनी एक.

मी या थिएटरात डोअरकीपर. तिकीट फाडायचं, अंधारात बॅटरीनं खुर्ची दाखवायची, कुणाच्या मांडीवरचं पोर रडायला लागलं की दार धरायचं. आमचे हे वर केबिनमध्ये ऑपरेटर. एकतीस वर्षं. बाकी ठिकाणी आता सगळं म्हणे एका डबीतून येतं. आमच्याकडे अजून दोन मशिनं आणि रिळं. एक रीळ वीस मिनिटांचं. ते संपत आलं की पडद्याच्या उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो. पापणी लवावी, इतकाच वेळ. बघणाऱ्यांच्या तो लक्षातही येत नाही. पहिला ठिपका आला की ऑपरेटरनं दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. सात-आठ सेकंदांनी दुसरा येतो, तेव्हा खटका ओढून चित्र त्या मशीनवर घ्यायचं. नीट जमलं तर खाली कुणाला कळतसुद्धा नाही की वर कुणी माणूस आहे. हे म्हणायचे, आपलं नाव निघालं नाही म्हणजे आपलं काम झालं.

चार महिन्यांपूर्वी यांचं नाव निघालं. पडदा पांढरा झाला, शिट्ट्या पडल्या, कुणीतरी खुर्ची बडवली. चार दिवसांनी पुन्हा. त्या रात्री आम्ही जेवलो, भांडी घासली, आणि त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. सकाळी शर्टाची बटणं एकेक घर चुकवून लावता लावता हे म्हणाले, "तू तशीही दारात उभीच असतेस. ठिपका दिसला की बॅटरी वर मारत जा. केबिनच्या काचेवर चमक आली की मला कळेल. हल्ली फिल्मच्या पट्ट्यांवर ठिपके फार फिके येतात."

"बरं," मी म्हणाले, आणि बटणं काढून परत लावून दिली. "या कंपन्या शर्टाची घरंपण वेडीवाकडी करतात हल्ली."

तेव्हापासून सगळ्यांचंच ठरलं. कुणी ठरवलं नाही, तरी ठरलं. मॅनेजर म्हणायचे, "प्रिंटाच जुन्या येतात हो." कँटीनवाला कप टेबलावर न ठेवता यांच्या बोटांत अडकवायचा आणि वर म्हणायचा, "काका, तुमच्यासाठी खास सर्व्हिस." लेक फोनवर सांगायची, "आई, बाबांचा नंबर वाढलाय, चष्मा बदला." डोळ्यांच्या डॉक्टरनं मोठ्या तपासणीची चिठ्ठी दिली होती. यांनी तिची चौघडी करून केबिनमधल्या लंगड्या स्टुलाच्या पायाखाली सरकवली. स्टूल डुगडुगायचं थांबलं. रिटायर व्हायला आठ महिने होते. खरं बोललं असतं तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं, आणि हा माणूस घरी बसून काय करतो ते मी एका संपात पाहिलेलं आहे. आठवडाभर कपाटाची दारं उघडून मिटत होता, बिजागऱ्या ऐकत.

तर गेले चार महिने मी एकही सिनेमा पाहिला नाही. नुसता कोपरा पाहिला. कोपऱ्यात असतं काय, तर आभाळ, नाहीतर छत. फार तर नायकाचा अर्धा कान.

मग चित्रकलेच्या शाळेतल्या एका मास्तरांनी थिएटर आठवडाभर दुपारी तीनच्या खेळाला घेतलं. जपानी सिनेमा, चित्रांचा. मला वाटलं मांजर उंदराच्या मागे धावणार, पोरं खिदळणार. पण आली ती सगळी मोठी माणसं, आणि कुणी खिदळेना. पहिल्या दिवशी मास्तर पडद्यापुढे उभे राहून म्हणाले, यातलं प्रत्येक चित्र कुणीतरी हातानं काढलेलं आहे. एका सेकंदाला डझन-डझन चित्रं. एक वाऱ्याची झुळूक म्हणजे एका माणसाचा आठवडा. मी भरतकाम केलेलं आहे. एक पान भरायला संध्याकाळ जाते, हे माझ्या मानेला माहीत आहे. मी मनात गुणाकार करायला गेले आणि सोडून दिला.

मास्तरांनी सांगितली, ती गोष्ट अशी काही नव्हतीच. एका टेकडीवर एक बाई राहते. रोज दोऱ्यांवर पांढऱ्या चादरी वाळत घालते. चादरी कुणाच्या ते कळत नाही, न्यायला कुणी येत नाही. गवत हलतं, किटलीवर वाफ येते, बाई चिमटा तोंडात धरून दूर बघते. बस. माझ्या कोपऱ्यात आभाळच आभाळ होतं. पण ते आभाळसुद्धा कुणीतरी मन लावून काढलं होतं. कडेला, जिथं कुणी बघणार नाही तिथंही ढगाची एक कड उजळलेली. चार महिन्यांत पहिल्यांदा मला माझ्या कोपऱ्याचा कंटाळा आला नाही.

त्या दिवशी घरी जाताना हे म्हणाले, "ती मुलगी छान काढलीय."

"बाई म्हणा. चांगली पन्नाशीची आहे."

"ती नाही गं. लांब टेकडीवर उभी असते ती. मोठ्या टोपीवाली."

मी कोपरा बघणारी. म्हटलं, असेल.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आज ती टेकडी उतरून आली. गवतात होती."

"सिनेमा तोच आहे ना? रोज निराळं कसं होईल?"

"तेच तर. हातानं काढलेलं म्हणजे काय असतं बघ."

एकतीस वर्षं पट्ट्या हाताळलेला माणूस हे बोलत होता. माझ्या हातातली पिशवी एकदम जड झाली. पण यांचा चेहरा किती दिवसांनी असा उजळला होता. मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि चालत राहिले. गप्प बसायची मला सवय झाली होती.

बुधवारी ती चादरींच्या मागे होती. नुसते पाय दिसत होते, अनवाणी. गुरुवारी चादरींच्या पुढे. हे जेवताना हात थांबवून सांगायचे, आणि मी ऐकता ऐकता पाठीमागचं दार लावलेलं आहे ना, ते बघून यायची. शुक्रवारी खेळ सुटल्यावर मी जिना चढून केबिनमध्ये गेले, तर हे काचेशी तसेच उभे. खाली दिवे लागलेले, खुर्च्या रिकाम्या.

"आज तिनं इकडं पाहिलं," हे हळूच म्हणाले. "तोंडच नाहीये गं तिला. टोपीखाली नुसतं कोरं. राहून गेलं असेल का काढायचं? एवढी चित्रं, एवढी माणसं. एखाद्याच्या हातून राहिलं असेल."

खाली एक मिटणारी खुर्ची आपोआप खाडकन मिटली. आमच्या खुर्च्या गंजलेल्या आहेत, उशिरा मिटतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी जिन्यावरून उतरले ती यांचा दंड घट्ट धरून.

बाहेर मास्तर पोस्टर गुंडाळत होते. मी जमेल तेवढ्या सहज विचारलं, "ती मुलगी कोण हो सिनेमातली?"

"मुलगी?" मास्तर हसले. "ताई, अहो एकटी बाई आहे सबंध सिनेमात. तीच तर गंमत. दुसरं चिटपाखरू नाही."

"हो का," मी म्हणाले. "मी बॅटरीच्या कामात असते ना, नीट बघत नाही."

घरी आल्यावर यांनी विचारलं, मास्तर काय म्हणत होते. मी म्हणाले, उद्या शेवटचा खेळ.

तो शेवटचा खेळ चालू होता, आणि टकलू गृहस्थ विमानाचं बोलले होते. तोवर तीन रिळं मी नीट उतरवली होती. चौथं चाललं होतं. मी मनाशी ठरवून आले होते की आज कोपरा सोडायचा नाही. पण तिथं एक मुलगी आहे, माझ्या माणसाला रोज दिसते, रोज जवळ येते, आणि मी एकदाही मान वळवून बघितलेलं नाही, ही गोष्ट मला आतून कुरतडत होती. नसलीच, तर यांचं काय समजायचं? आणि असली तर?

वारा सुटला. दोऱ्यांवरच्या चादरी एकामागून एक फुगल्या. मी कोपरा सोडला.

काय सांगू. ते गवत. एकेक पातं वेगळं, वाऱ्याच्या आधी लवणारं आणि वारा गेल्यावर उशिरा उठणारं. चादरींच्या सावल्या गवतावरून सरकत होत्या, आणि प्रत्येक सावलीशी मला वाटायचं, ही टोपी. हे पाय. बाई चिमटे टाकून धावली, एक चादर दोरीवरून सुटली, वर गेली, वळली आणि सरळ आमच्या अंगावर आली. मोठी होत होत तिनं सगळा पडदा भरून टाकला. सगळं पांढरं झालं. मी त्या पांढऱ्यात वाट बघत होते, आता ही दूर होईल आणि मागे कोण उभं आहे ते दिसेल.

बराच वेळ ती दूर झाली नाही.

मग मला कळलं. ठिपके येऊन गेले होते. ही चादर नव्हती. रीळ संपलं होतं.

शिट्टी पडली नाही. कुणी खुर्ची बडवली नाही. दोनेकशे माणसं त्या कोऱ्या उजेडात तोंडं वर करून बसली होती, सगळ्यांचे चेहरे खडूसारखे पांढरे. टकलू गृहस्थ पुढे झुकून पुटपुटले, "काय काढलंय."

मी जिन्याकडे धावले. सतरा पायऱ्या. केबिनचं दार उघडंच होतं. संपलेल्या रिळाचं शेपूट मशीनवर फटफट आपटत होतं. हे त्याच्या शेजारी, काचेला कपाळ लावून, एक हात दुसऱ्या मशीनच्या खटक्यावर. शांत.

"अहो," मी धापा टाकत म्हणाले. "चुकले मी. बघत बसले."

"ये," हे न वळता म्हणाले. "बघ, आज ती अगदी समोर आहे. सगळ्यात पुढे."

मी त्यांच्या खांद्याजवळून काचेतून पाहिलं. पांढरा पडदा. त्यावर एक ओरखडासुद्धा नाही.

"दिसली?"

चार महिने मी ठिपके फिके म्हटलं होतं, शर्टाची घरं वाकडी म्हटलं होतं. आणखी एक शब्द काय जड होता.

"दिसली," मी म्हणाले. "मोठी टोपी आहे. गोड आहे पोरगी."

यांनी हात पुढे करून मशीन चाचपलं, मोटर बंद केली. फटफट थांबली. दिवा मात्र तसाच ठेवला.

"रीळ संपलंय गं," हे म्हणाले. "केव्हाच संपलंय. एकतीस वर्षं हा आवाज ऐकतोय, मला कळणार नाही होय? तुझी बॅटरी आली नाही तेव्हाच म्हटलं, बघू या. चित्र गेल्यावर ही जाते का." त्यांनी काचेवर बोट टेकवलं, अगदी मधोमध. "नाही गेली. पट्टीत नव्हतीच ती कधी."

खाली अजून कुणी हललं नव्हतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. शर्ट घामानं भिजला होता.

"आणि तुलाही दिसली म्हणालीस," हे म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट थोडं हसू होतं. "किती दमली असशील तू."

मग काचेपासून कपाळ काढून ते माझ्याकडे वळले. जरा तिरके, माझ्या कानाच्या बाजूला बघत.

"मला दिसत नाही गं," ते म्हणाले.