लांब्याच्या आईसाठी

कॉलेजात त्याला सगळे 'पाद्री' म्हणायचे. आधी चिडवायला म्हणायचे, मग तेच नाव चिकटलं. त्यालाही ते आवडायचं, खोटं कशाला सांगा! इंजिनिअर व्हायचं आणि मग देवाच्या सेवेला लागायचं, हे त्याने शाळेतच ठरवून टाकलं होतं. दर शुक्रवारी होस्टेलच्या वाचनखोलीत ख्रिस्ती मुलामुलींची प्रार्थनासभा भरायची, ती तोच चालवायचा. तो बोलायला उभा राहिला की मागच्या बाकावरचे मोबाइलही खिशात जायचे.

प्रयोगशाळेतला त्याचा जोडीदार लांब्या. ताडमाड उंच, कामापुरतं बोलणारा, देवाधर्माच्या वाटेला न जाणारा. दोघं मिळून काँक्रीटचे ठोकळे ओतायचे, पाण्यात मुरवायचे आणि मशीनखाली फोडून त्यांची ताकद बघायचे.

एकदा साच्याला तेल लावता लावता लांब्या म्हणाला, "आईच्या किडन्या गेल्यात. डॉक्टर धड काही सांगत नाहीत. तुमच्यात प्रार्थना करतात ना? तिच्यासाठी करशील?"

"अरे, हे काय विचारणं झालं? रोज करीन."

पण त्याच संध्याकाळी शिबिराची बैठक होती, मग गाण्यांचा सराव, मग परीक्षा. लांब्याची आई त्याच्या डोक्यातून साफ निघून गेली. लांब्या मधूनच विचारायचा, "चालू आहे ना?" पाद्री मान डोलवायचा. आज नक्की करू, असं दरवेळी मनापासून वाटायचं. अंथरुणाला पाठ टेकली की डोळा लागायचा.

सुट्टीत लांब्याची आई गेली.

सुट्टी संपल्यावर लांब्या थेट पाद्रीच्या खोलीवर आला. आता हा जाब विचारणार, असं पाद्रीला वाटलं. पण लांब्याने त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

"आईला तुझा फार आधार होता रे. डायलिसिसला नेताना घाबरायची. मी सांगायचो, माझा मित्र रोज तुझ्यासाठी देवाशी बोलतो. मग शांत पडून राहायची. शेवटी शेवटी तर तीच विचारायची, आज बोलला का तो?"

खरं सांगायची वेळ हीच होती. पण "देव त्यांना शांती देवो," एवढंच पाद्री पुटपुटला.

त्या शुक्रवारी लांब्या सभेला आला, कोपऱ्यात अंग चोरून बसला. पुढच्या शुक्रवारीही आला. आणि एकदा, कोणी न सांगता, उभा राहून त्याने सगळी हकिकत सांगितली. "याच्या प्रार्थनेमुळे मी इथे आहे," तो म्हणाला. सगळ्या माना पाद्रीकडे वळल्या. एका मुलीने डोळे पुसले. पाद्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सभा संपल्यावर त्याने लांब्याला जिन्यात गाठलं.

"मी केलीच नाही रे प्रार्थना. विसरलो."

लांब्या हसला. "उगाच मोठेपणा नाकारू नकोस."

"खरंच नाही केली. एकदाही."

लांब्याचं हसू मावळलं. तो कठड्याला टेकला. मुलं वर-खाली जात होती, त्यांना वाट द्यायचंही त्याला भान राहिलं नाही.

"म्हणजे मी आईशी खोटं बोलत होतो," तो हळूच म्हणाला. "रोज."

"तू नाही, चूक माझी—"

"तू माझ्याशी खोटं बोललास. तिच्याशी मी बोललो."

तो पुन्हा सभेला आला नाही. भांडला नाही, जोडीदारही बदलून मागितला नाही. "साचा दे", "पाणी बघ", एवढंच बोलत दोघांनी वर्ष काढलं. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं पाद्रीला वाटायचं.

सभा पाद्रीने दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीकडे सोपवली. सगळ्यांना वाटलं, अभ्यास वाढला असेल. आता तो रोज गुडघे टेकायचा, लांब्यासाठी आणि घरी एकट्या पडलेल्या त्याच्या वडिलांसाठी. शब्द सुचायचे नाहीत. नुसता बसून राहायचा. आणि हे लांब्याला सांगायला त्याला तोंड उरलं नव्हतं.